मामाच्या वळणाचा तीळ

लालबाग,
रविवार, दुपारचं जेवण अंगावर आलेलं

तीर्थस्वरूप रघुमामांच्या चरणी भाचा राहुल याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द रिवाज म्हणून. डावा खांदा सध्या कशालाच टेकवायचा नाही असा हुकूम असल्यामुळे हा नमस्कार सात अंगांचा आहे. राहिलेलं अंग टाके सुकले की पोचतं करीन.)

इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, म्हणजे पत्रात लिहिण्यापुरते आहोत. तिकडचं कळवावं. कौसल्यामामीचा गुडघा पावसात कुरकुरतोय का? कपिला व्याली का, आणि पाडा की पाडी? ओढ्यावरचा साकव टिकला की दरवर्षीप्रमाणे वाहून गेला आणि सरपंचांच्या भाषणाची सोय करून गेला? तुमच्या तब्येतीची चौकशी मात्र मी मुद्दाम करत नाही, कारण तिचं उत्तर मला पाठ आहे. "माका काय होतला?" असं म्हणून तुम्ही विडी पेटवता आणि विषय संपतो. या एका वाक्यावर तुम्ही आजवर दोन वैद्य आणि एक सरकारी डॉक्टर परत पाठवलेत, हे मामीच अभिमानाने सांगते. (अभिमानाने की वैतागाने, ते तिच्या सुरावरून नक्की सांगता येत नाही.)

एक विनंती आधीच करून ठेवतो. हे पत्र तुमच्या नेहमीच्या पद्धतीने वाचावं. म्हणजे पोस्टमनने दिल्या दिल्या फोडू नये. संध्याकाळी मामी सूप घेऊन ओटीवर तांदूळ निवडायला बसली की समोर बसून, खाकरून, "लालबागचा पत्र इला" असं जाहीर करून, पहिल्या नमस्कारापासून शेवटच्या ता. क.पर्यंत खड्या आवाजात वाचावं. पत्र आधी मनात वाचायचं आणि मग तोंडाने, असली लबाडी तुम्ही जन्मात केली नाहीत. तुमचा डोळा आणि तुमची जीभ एकाच वेळी एकाच शब्दावर पडतात. मागे आईने तुम्हाला लिहिलं होतं की वहिनीने पाठवलेल्या कुळथाच्या पिठात खडे निघाले, पण हे तिला कळू देऊ नको. तुम्ही तेही ओटीवर बसून मामीला वाचून दाखवलंत, "कळू देऊ नको"सकट. त्यानंतर दोन वर्षं आमच्या घरी पिठी झाली नाही. तरी मला तुमची ही पद्धत आवडते, आणि ती मोडू नये. फोनवर हे सगळं बोलता आलं असतं, पण तुमचा फोन पिशवीत, पिशवी कपाटात आणि रेंज साकवावर. त्यातून मी अमुक एक विषय काढला की नेमका तुम्हाला आवाज येईनासा होतो. म्हणून पत्र.

तर मूळ कथा माझ्या काळं पडण्यापासून सुरू होते. दादरच्या उघड्या तलावावर मी पोहायला शिकवतो, हे तुम्ही वाडीत सर्वांना "भाचो पाण्याच्या खात्यात हा" असं सांगून ठेवलंय, ते असो. सकाळभर आणि पुन्हा दुपारी तीननंतर अंगात चड्डी, गळ्यात शिट्टी आणि डोक्यावर सूर्य, असा माझा गणवेश. आपलं आजोळ सगळं गोरं-घारं, आणि आईला त्याचं कौतुक इतकं की लहानपणी ती चाळीतल्या बायकांना माझे डोळे उजेडाकडे वळवून दाखवायची, बाजारात बैलाचे दात दाखवतात तसे. त्या रंगाची या नोकरीत वाट लागली. आईचं आणि सूर्याचं वैर जुनं आहे, पण ते फक्त रंगापुरतं. उन्हाने मुलगा काळा पडतो, काळ्या मुलाचं लग्न जमत नाही, आणि मुलाचं लग्न जमल्याशिवाय आईबाप सुखाने मरायला मोकळे होत नाहीत, एवढंच ऊन तिला ठाऊक. "बघ मेल्या, कसो काळो पडलंस तो!" हे ऐकल्याशिवाय मला संध्याकाळचा चहा मिळत नाही.

अशात शीवहून एक स्थळ आलं. मुलीचं नाव अपूर्वा, बँकेत आहे. आईने त्यांना माझा जो फोटो पाठवला तो मी नोकरीला लागण्याच्या आधीचा, आणि तोही आपल्या अक्षदाच्या लग्नातला, म्हणजे फोटोग्राफरने नवरीबरोबर तिच्या भावालाही पावडर फासली होती तेव्हाचा. मंडळी बघायला येणार म्हटल्यावर आईची झोप उडाली. फोटोतला मुलगा आणि दारातला मुलगा एकच आहे हे पटवायचं कसं? मग मुलतानी माती झाली, लिंबू झालं, टोमॅटो झाला, काकडी झाली, सायीचं दही झालं. माझ्या तोंडावर पंधरा दिवस कोशिंबीर होती, मामा, फक्त फोडणी राहिली. रंग तसूभर हलला नाही. शेवटी आईने बाबांच्या विरोधाला न जुमानता (बाबांचा विरोध म्हणजे पेपर खाली न करता "हं" म्हणणे) मला दादरच्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

या डॉ. पद्मजाबाई. वयाने आईएवढ्याच, पण आवाज असा की शिट्टी नसती तर मी त्यांनाच तलावावर हाताखाली घेतलं असतं. त्यांच्या बाहेरच्या खोलीत मुंबईची अर्धी तरुणाई बसली होती आणि प्रत्येकाच्या हातात स्वतःचाच मोबाइलमधला जुना, उजळ फोटो होता. बाईंनी माझ्या तोंडाकडे ओझरतं पाहिलं, काम काय करता ते विचारलं आणि शर्ट काढायला सांगितला. आई म्हणाली, "डॉक्टर, शर्ट राहू दे हो, लग्नात शर्ट घातलेलाच असतो." बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या पाठीमागे जाऊन कातडी बघायची लहान दुर्बीण काढली, ती डाव्या खांद्यामागच्या तिळावर टेकवली आणि कितीतरी वेळ तिच्यावरून डोळा उचललाच नाही. ते निरखणं आईला कौतुकाचं वाटलं. तिने तिळाचा इतिहास सांगायला घेतला.

तो इतिहास तुम्हाला पाठच आहे, कारण त्याची सुरुवात तुमच्यापासून होते. मी पाचवीत असताना मेची सुट्टी तुमच्याकडे काढून परत आलो तेव्हा आईला तो पहिल्यांदा दिसला, मोहरीएवढा. "मामाच्या वळणावर गेला गं बाई," म्हणून तिने खोबरं-साखर वाटली, कारण तुमच्या पाठीवरच्या तिळामुळेच तुमची कलमं दरवर्षी लागतात असं अख्खी वाडी मानते. (खत तुम्ही घालता, फवारणी तुम्ही करता, श्रेय तीळ घेतो.) पुढे कॉलेजात तो मटाराएवढा झाला, आणि त्याच वर्षी मला तलावावर नोकरी लागली. मग त्याच्या काळ्यात एका बाजूला निळसर आणि दुसऱ्या बाजूला तांबूस छटा आली, आणि मी नोकरीत कायम झालो. मग त्याची कड कोकणच्या किनाऱ्यासारखी वेडीवाकडी झाली, जागोजागी खाड्या फुटलेली, आणि आमच्या चाळीच्या गोविंदा पथकाने सात थर लावले. पथकाचा आमचा गुरू हितेंद्र, त्याने तेव्हापासून नियमच केला. मी दुसऱ्या थरावर उभा असतो. वर जाणाऱ्या प्रत्येकाने माझ्या डाव्या खांद्यावर, नेमका तिळावर, पाय ठेवून मगच पुढे चढायचं. पायाला हळद लावून. यंदा सराव सुरू झाला त्याच आठवड्यात त्या तिळातून रक्त आलं आणि त्याच दिवशी आमचा आठवा थर पहिल्यांदा उभा राहिला. हितेंद्रने ते रक्त कपाळाला लावून घेतलं. चाळीत पेढे वाटले.

हे सगळं आईने बाईंना रंगवून सांगितलं. वाढला, रंग बदलला, कड फाटली, रक्त आलं. प्रत्येक पायरीला आमची एकेक भरभराट. मग बाईंनी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केलं. तिथे हीच सगळी लक्षणं याच क्रमाने लिहिलेली होती, चित्रांसकट, फक्त शेवटी भरभराटीच्या जागी कॅन्सर हा शब्द होता. तिळाच्या रंगाच्या पेशी बिघडल्या की जो होतो तो, मेलॅनोमा. त्या म्हणाल्या की अजून नक्की नाही, तीळ काढून तपासायला पाठवू या, पण या आठवड्यातच. आणि त्यांनी विचारलं की घरात आणखी कोणाला असा तीळ आहे का? त्यावर आईने जे उत्तर दिलं ते पुढे सांगतो, आठवण करा.

तीळ निघाला. बधिर करायची सुई सोडली तर काहीच कळलं नाही. रिपोर्ट आला त्या दिवशी मात्र कळलं. मेलॅनोमाच होता, पण पातळ, कातडीत एक मिलिमीटरही खोल गेला नव्हता. बाई म्हणाल्या, नशीबवान आहात. ("नशीबवान" हा शब्द त्या तिळाला शेवटी त्यांच्याच तोंडून मिळाला.) आता आजूबाजूची कातडी रुंद कापून काढायची आणि त्यासाठी परळच्या मोठ्या हॉस्पिटलात जायचं. इथे आमची भाषेची पंचाईत झाली. तुमच्याकडे वाडीत कोणी कॅन्सर हा शब्द उच्चारत नाही. "तेका परळाक न्हेल्यानी" एवढं म्हटलं की बाया पदर डोळ्याला लावतात. पण आम्ही जन्मापासून परळच्या शेजारी राहतो! आम्ही भाजी आणायला परळला जातो, दाढी करायला परळला जातो. आईने शेजारणींना डोळे पुसत सांगितलं की राहुलला परळला न्यायचंय, तर एकीने तिला येताना चांगली कोथिंबीर आणायला सांगितली.

मामा, विनोद जरा बाजूला ठेवतो. त्या हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवरून मी आयुष्यभर चाललोय. देशभरातून आलेली माणसं तिथे चटया टाकून बसलेली असतात, आणि आम्ही लालबाग-परळची पोरं त्यांना धर्मशाळा कुठे, खिचडी कुठे वाटतात, औषध कुठे स्वस्त मिळतं, ते सांगत मोठे झालो. जणू आम्ही त्या गावाचे दरवान, आत जाणारे दुसरे. त्या सकाळी मी नंबर लावून बाहेर कट्ट्यावर बसलो, तर शेजारच्या खानदेशातल्या एका काकांनी विचारलं, "पेशंट कुठे आहे तुमचा?" पोहून-पोहून माझे दंड हे असे, वय अठ्ठावीस. मला "मीच" म्हणता येईना. मी म्हटलं, येतोय. आणि मग मी इतका घाबरलो की काकांनी मला पाणी दिलं, आणि पेशंट येईपर्यंत धीर धरा म्हणाले. मरणाची भीती मला आजवर पाण्यात कधी वाटली नव्हती, ती तिथे कोरड्या फुटपाथवर वाटली.

हा प्रकार मला कसा झाला, हे मी बाईंना खोदून-खोदून विचारलं. त्या म्हणाल्या की आपल्या लोकांत हा फारसा होत नाही, आणि झाला तरी बऱ्याचदा तळपायावर नाहीतर नखाखाली, जिथे उन्हाचा संबंध नसतो. पण फारसा होत नाही म्हणून कोणी बघत नाही, आणि कोणी बघत नाही म्हणून कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. त्यात माझ्यासारखी गोरी-घारी कातडी उन्हाने काळी पडण्याआधी भाजते, आणि लहानपणी फोड येईपर्यंत भाजलेलं ती विसरत नाही. तुम्ही लहानपणी कधी भाजला होतात का, असं त्यांनी विचारल्यावर मला तुमची भरभरून आठवण आली. मेमधली तुमची ती खाडी, ती भर दुपार, उघड्या अंगाने चाललेलं आमचं डुंबणं, रात्री पाठीला लागणारी आग आणि त्यावर मामीने लावलेलं खोबरेल. चार दिवसांनी माझी पाठ पापडासारखी सुटायची, आणि तुम्ही ती सोलून हातात धरून म्हणायचात, "मुंबयचा कातडा गेला, आता गावचा इला!" सगळी वाडी हसायची. मीही हसायचो. पुढच्या वर्षी आणखी भाजून घ्यायचो. बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मामांचा पत्ता मागितला. मी दिला नाही. (तेव्हा दिला नाही.) तुम्हाला बोल लावत नाही, मामा, त्यातला कुठला दिवस मला परत दिला तर मी आजही घेईन, फक्त आता सदरा घालून आणि ऊन उतरल्यावर.

मध्यंतरी शीवची मंडळी ठरल्या दिवशी आलीच. आईने मला आधीच बजावलं होतं की खांद्यावरच्या पट्टीबद्दल कोणी विचारलं तर गळू सांगायचं. कॅन्सरपेक्षा गळू बरं दिसतं, हे मलाही पटलं. पण आम्हा दोघांना गॅलरीत बोलायला सोडलं तेव्हा अपूर्वाने पहिलाच प्रश्न विचारला की गळवाला एवढी मोठी पट्टी लावतात का. मग मी सगळं सांगून टाकलं. त्यावर ती जे बोलली ते लग्नाबद्दल नव्हतं. तिच्या वडिलांच्या तळपायावर तीळ आहे, आणि तो हल्ली मोठा झालाय. तळपायावरचा तीळ म्हणजे परदेशप्रवास, म्हणून ते गेली वीस वर्षं पासपोर्ट नवा करून-करून ठेवताहेत. ती तशीच आत गेली, आणि आई चहाचे कप पुढे करत असताना तिने भर बैठकीत वडिलांना मोजा काढायला लावला. पोह्यांची बशी आणि सासऱ्यांचा तळपाय एका टेबलावर, असं दृश्य आमच्या चाळीत यापूर्वी झालं नसेल. दुसऱ्या दिवशी ती स्वतः त्यांना पद्मजाबाईंकडे घेऊन गेली. साधाच तीळ निघाला. बिचारे नाराज झाले. आजार नाही हे ठीक, पण बाईंनी परदेशाचंही काही सांगितलं नाही. स्थळाचं म्हणाल तर नकार आलेला नाही आणि होकारही. रोज संध्याकाळी तिचा मेसेज येतो, "सदरा घातला होता का?" आई म्हणते, हे लग्नाच्या भाषेत होकारासारखंच धरायचं.

पथकात मात्र हाहाकार उडाला. तीळ कापला हे कळताच हितेंद्रने चाळीच्या चौकात बैठक बोलावली. हा माणूस दिवसा विमा कंपनीत जोखीम मोजायचं काम करतो. त्याचं म्हणणं, निदान अर्धा ठेवायला सांगायचा होतास. मग त्याने तोडगा काढला की कापलेला तीळ हॉस्पिटलातून बाटलीत घालून मागून आणावा आणि पथकाच्या झेंड्याच्या काठीला बांधावा. खरंच अर्ज घेऊन गेला. तिथल्या माणसाने त्याला सांगितलं की तो मेणात बसवून, पातळ काप करून, काचेवर ठेवलाय आणि कोणालाही मिळणार नाही. हितेंद्र परत आला आणि गंभीरपणे म्हणाला, "राहुल्या, तुझा तीळ सरकारजमा झाला." तेव्हापासून पथकाचे आठ थर लागत नाहीत. सातव्यावरच गडगडतात. ज्याच्या खांद्यावर अख्खं पथक उभं राहायचं तो महिनाभर सरावालाच आलेला नाही, हे कारण कोणालाच सुचलेलं नाही. सगळे तिळालाच रडतात.

आणि चाळीचं म्हणाल, तर आमच्या दारात सध्या रांग असते. मी जणू तिळांचा अधिकारी. कोणी सदरा वर करतो, कोणी पोटरी पुढे करतो, तळमजल्यावरच्या आनंदीबाईंनी (वय वर्षं ऐंशी) मला कानामागचा मस दाखवून विचारलं की हा काढला तर पेन्शन बंद होईल का. मी सगळ्यांना एकच सांगतो, वाढत असेल, रंग बदलत असेल, कड बिघडली असेल, रक्त येत असेल तर डॉक्टरला दाखवा, पेढे वाटू नका. ऐकून घेतात आणि जाताना माझ्या पट्टीला नमस्कार करून जातात. काल एकाने तिला हळद लावली.

आईचं काय झालं विचाराल. रिपोर्ट आला त्या रात्री तिने मुलतानी मातीचा डबा कोणाला न सांगता कचऱ्यात टाकला. ती रडली नाही, पण माझ्या पाठीमागे बसून पट्टीवरून नुसता हात फिरवत राहिली, आणि मी झोपल्याचं सोंग केलं. आता मला तलावावर अंगभर सदरा, मोठी टोपी आणि उन्हाचं पांढरं मलम लावून जावं लागतं. पोरं मला "भूत सर" म्हणतात. मलमाची गंमत अशी की दुकानात ते गोरं करायच्या मलमांच्याच फळीवर मिळतं, आणि डब्यावर तजेला आहे, कांती आहे, हसणारी बाई आहे, फक्त ज्यासाठी ते लावायचं तो शब्द कुठेच नाही. त्या फळीसमोर उभं राहून वाटतं की या शहरात ऊन फक्त लग्नं मोडतं. पण एक कबूल केलं पाहिजे. आईला माझा रंग खुपला नसता तर मी त्या बाईंकडे कधीच गेलो नसतो. अख्ख्या घराला चुकीची भीती वाटत होती, आणि त्या चुकीच्या भीतीनेच मला बरोबर दारात नेऊन सोडलं. हे आईला सांगू नका. पुढच्या खेपेला फेशियल करायला नेईल.

तर असा सगळा वृत्तांत. दुसरं ऑपरेशन नीट झालं, कडा साफ निघाल्या, आता काही महिन्यांनी एकदा दाखवायला जायचं. यंदा मी गोविंदा खालून बघणार, छत्री उघडून, पावसासाठी नव्हे. तेव्हा तुम्ही आणि मामी यंदा गोविंदाला लालबागला यावं, आणि आलातच तर थोडं आधी यावं, अशी आईची फार इच्छा आहे. येताना कुळथाचं पीठ आणावं, खडे असले तरी चालतील. मामीला नमस्कार, कपिलेला पाठीवरून हात, सरपंचांना साकवाबद्दल शुभेच्छा.

तुमच्याच वळणाचा, पण सध्या तिळाविना,
राहुल

ता. क. – सोबतच्या पार्सलात दोन पांढऱ्या ट्यूब आहेत. त्या मामीच्या टाचांसाठी नाहीत, तुमच्या मानेसाठी आणि हातांसाठी आहेत. कलमांत जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. "माका काय होतला" लावून ऊन अडत नाही.

आणखी ता. क. – आईने डॉक्टरबाईंना काय उत्तर दिलं ते सांगायचं राहिलं, आणि तुम्ही आठवणही केली नाहीत. घरात आणखी कोणाला असा तीळ आहे का, यावर आई छाती पुढे काढून म्हणाली, "आहे तर! माझ्या भावाला, पाठीवर. याच्यापेक्षा दुप्पट मोठा!" बाई म्हणाल्या, त्यांना ताबडतोब घेऊन या. पार्सलाच्या तळाशी येत्या शुक्रवारच्या गाडीची दोन तिकिटं आहेत. गोविंदाला अजून अवकाश आहे, हे मलाही माहीत आहे.

शेवटचा ता. क. – मेच्या शेवटी मी आलो होतो तेव्हा तुम्ही विहिरीवर अंघोळीला बसला होतात आणि तुमच्या बनियनच्या पाठीवर रक्ताचा डाग होता. तो आंब्याचा चीक नव्हता, मामा, तुमच्या तिळातून रक्त येत होतं, आणि एकदाच नव्हे, कारण तसलीच आणखी दोन बनियनं धुऊन तुम्ही गोठ्यामागे वाळत घातली होती. "मामीक काय सांगू नको हां," म्हणून तुम्ही मला गळ्याची शपथ घातलीत. ती मी पाळली आहे. मामीला मी आजपर्यंत एक अक्षर बोललेलो नाही. हे आत्ता जे सगळं तिला कळलं, ते खड्या आवाजात तुम्ही सांगितलंत.

मामी, सूप खाली ठेव, आणि त्यांना पाठमोरं बसव.